लाल दोऱ्याचा दोडका

गौरी जेवून गेल्या तरी वेलीला
नुसती फुलंच.
संध्याकाळी पाचाला उघडायची,
सकाळी गळून चपलांना चिकटायची.
अंबादास रोज मोजायचा.
सगळी नर, म्हणायचा, सगळी नर,
जसं काय मीच केलंय ते.

चैत्रात त्याचे आठही माग बंद पडले.
तोवर घरातसुद्धा तो ओरडून बोलायचा,
खडखडाट डोक्यातनं जायचाच नाही.
मग एकदम गप.
दोन महिने. मीठ हवं असलं
तरी नुसतं ताटाकडं बघायचा.

नरसव्वा भांडी घासते ना, वाळलेल्या दोडक्यानं,
त्यातलाच एक तिनं कुंपणावरनं दिला.
ह्यानं तो उभा चिरला,
काळ्या बिया जमिनीवर सांडल्या,
पण हा आतली जाळी उजेडात धरून
कितीतरी वेळ.
मग म्हणाला, ताणा दिसतोय. बाणा कुठाय गं?
मी विडी वळता वळता थांबले.
सुपातलं पान फाटलं.

घरकुलाच्या मागं दहा बाय बाराची जागा,
मुरूम नि सिमेंटची ढेकळं.
कुंभारीकडनं काळी माती आणली, सायकलवर, सात पोती.
भिंतीत खिळे मारून पत्र्यापर्यंत
सूत ओढलं, बोटभर अंतर राखून,
एकही दोरा सैल नाही.
वेलीला काय कळतंय, म्हटलं मी.
तर म्हणाला, मला कळतंय की.

माझ्या तेंदूच्या कातरणी आता मुळांवर जातात.
तंबाखूची भुकटी रात्रभर भिजवून
तिचं पाणी माव्यावर.
मावा मरतो, आणि मला खोकला येतो
तो निराळा.
अंबाडीला कायबी लागत नाही.
मिरच्या बोकडल्या.
गवार आली, पण चार जणांच्या तोंडाला
पुरेल इतकी एकदाही नाही,
आणि पोरगी हैदराबादवरनं फोनवर हसते,
चाळीस रुपये किलो आहेत पप्पा, आणा की विकत.

नळ पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
यायचा तो रात्री दोनला.
त्या रात्री आधी घागर नाही, बॅरल नाही,
मला हलवून उठवलं, बॅटरी घेऊन मागं नेलं.
एका मिटल्या फुलाच्या पाठीशी
करंगळीएवढं काहीतरी, हिरवं,
शिरा उमटलेल्या.
आली, म्हणाला. हळू आवाजात म्हणाला.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला.
तोवर घागर वाहून चालली होती.

अमावास्येला नरसव्वा ताट घेऊन आली,
बतुकम्मा रचायची, फुलं कमी पडली.
भोपळ्याची दिली. मग हा म्हणाला,
दोडक्याचीपण घेऊन जावा, नर आहेत,
उगंच गळतात.
पिवळ्या थरावर पिवळा थर चढला,
आणि बायका फेर धरून टाळ्या वाजवताना
हा दाराआडनं बघत होता,
आपली कुठली ते शोधत.

आता उन्हाचा चटका पुन्हा वाढलाय.
अंबाडी निबर झाली, शेवटची भाजी
काल शेंगदाण्याचं कूट घालून संपवली.
वाट्या गल्लीत फिरतायत, रिकामी एकही परत येत नाही,
कुणाची आमटी, कुणाचा भात.

एका दोडक्याला त्यानं टॉवेलच्या काठाचा
लाल दोरा बांधलाय.
हा खायचा नाही.
परवा पाहुणे आले, घरात भाजी नव्हती,
विळी घेऊन मी त्याच्याखाली उभी राहिले
आणि चटणी वाढली.

साल जाड होत चाललंय, शिरा पांढुरक्या.
संध्याकाळी अंबादास त्याला कान लावतो,
उजवा, जो ऐकत नाही तो.
चालू आहे, म्हणतो.
मी म्हणते, नळ आलाय,
आधी ती घागर लावा.